आतून लागणारी कडी

माझा भाऊ कॅनडात घरं बांधतो, असं आई गावात सांगायची. खरं म्हणजे तो घरं कागदावर काढायचा, बांधायचे दुसरेच. पण एवढं समजावत बसायला आईला सवड नव्हती. आर्किटेक्ट हा शब्द तेव्हा थळच्या बाजारात फारसा कोणी ऐकलेला नव्हता. "म्हणजे गवंडी का?" कोणी विचारी. "त्याच्या वरचा," आई म्हणे. "म्हणजे मुकादम?" "तसंच समजा," असं म्हणून आई पिशवी उचलून चालू लागे.

ह्या माझ्या भावाने, दादाने, आपल्या देशात उभ्या जन्मात एकच घर बांधलं. ते आमचं. लोक ते घर बघायला येत, वाखाणत, फोटो काढून नेत. मी मात्र त्या घराबद्दल आजवर कोणाशी धड बोलले नाही. बोलायला लागले की आधी आप्पांचा राग येतो, मग दादाचा, आणि दोन्ही राग ओसरले की रडू कोसळतं. आता दोघंही नाहीत. रागवायला समोर कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आप्पा म्हणजे आमचे वडील. ते लाँच कंपनीत नोकरीला होते. किनाऱ्याने फिरणाऱ्या लाँची ज्या बंदराला लागत, तिथल्या धक्क्यावर तिकिटं द्यायची, माल उतरवून घ्यायचा, खलाशांशी भांडायचं आणि भांडून झालं की त्यांच्याबरोबर चहा प्यायचा, असं त्यांचं काम. सारखी बदली. कधी रेवस, कधी रेवदंडा, कधी श्रीवर्धन. जाऊ तिथे आम्ही कोणाच्या तरी घराचा अर्धा भाग भाड्याने घ्यायचो. अर्धा भाग म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि पुढची ओटी. खोलीत आई, मी आणि तांदळाची कणगी. आत्या माहेरपणाला आली की तीही. दादा अभ्यासाचा, म्हणून त्याला दिव्याखालचा कोपरा. आप्पा ओटीवर.

ओटीवरचा माणूस हा गावाच्या मालकीचा असतो. आप्पा पांघरूण घेऊन आडवे झाले असले तरी रस्त्यावरून जाणारा ह्या तिकीटमास्तरांना हाक मारायचाच, "मास्तर, उद्या लाँच येतेय ना?" धोतर बदलायचं तर आईने आधी आम्हाला सगळ्यांना खोलीतून बाहेर काढायचं. पावसाळ्यात लाँची बंद, म्हणजे आप्पा पूर्ण वेळ घरी, आणि नेमकी तेव्हाच ओटी ओली. पश्चिमेच्या अंगाला आई नारळीच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधून घ्यायची. तरी झड आत येई. आप्पा वळकटी उचलून भिंतीकडे सरकत, आणखी सरकत, आणि शेवटी भिंतीला टेकून बसून राहत.

कधी तक्रार केली नाही त्यांनी. तक्रार करणं, मागणं, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांच्या तोंडचा पहिला शब्द 'नको' असे. आई भात वाढायला आली की "नको". दुसऱ्यांदा "नको गं, पुरे". तिसऱ्यांदा ते पानावर हात आडवा धरत, पण बोटं फाकलेली असत, आणि आई त्या फटीतूनच वाढून मोकळी होई. मग ते चवीने जेवत. आमच्याकडे हे सगळ्यांचंच होतं म्हणा. पाहुणा चहा नको म्हणाला म्हणून कोणी चहा केला नाही, असं आमच्या किनाऱ्यावर झालं असतं तर त्या घराशी लोकांनी सोयरीक केली नसती. पण आप्पांचं जरा जास्तच. त्यांचं पहिलं 'नको' म्हणजे नुसतं घसा साफ करणं असायचं.

एकदा मात्र मी त्यांना काहीतरी हवं असलेलं पाहिलं. स्वातंत्र्य मिळून वर्षभर झालं असेल. आम्ही श्रीवर्धनला होतो. कंपनीच्या कसल्याशा कामासाठी आप्पांना हरिहरेश्वरला जायचं होतं, त्यांनी मलाही बरोबर नेलं. देवदर्शन झालं. तिथल्या सरकारी बंगल्यात कोणी साहेब यायचा होता, तो आलाच नाही, आणि आप्पांच्या ओळखीच्या चौकीदाराने दुपारपुरती ती खोली आम्हाला उघडून दिली. खोलीत खाट, खुर्ची, मेज आणि भिंतीवर एक आरसा. आप्पांनी दार लावून घेतलं. कडी लावली. मग काढली. पुन्हा लावली. मला म्हणाले, "बाय, बघ, कशी लागते." लोखंडाची साधी कडी होती. मग त्यांनी टोपी काढली, सदरा काढला, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच ते भर दुपारी उघड्या अंगाने, हातपाय पसरून गाढ झोपले. बाहेरून कोणीतरी "मास्तर" म्हणून हाक मारली. ते उठले नाहीत. मी त्या खुर्चीवर बसून त्यांचं घोरणं ऐकत होते आणि मला फार बरं वाटत होतं, कशाचं ते तेव्हा कळत नव्हतं.

परतताना होडीत ते म्हणाले, "माणसाला एक खोली असावी. आतून कडी लावता येईल अशी." एवढंच. पुढे कधी त्यांनी हा विषय काढला नाही, पण मी तो विसरले नाही. दादा त्या वेळी मुंबईला मामाकडे शिकत होता. त्याला ही गोष्ट कळायला काही कारणच नव्हतं, आणि इथेच आमचं नशीब फिरलं असं मला वाटतं.

दादा हुशार. शिष्यवृत्त्या मिळवत शिकला, आर्किटेक्ट झाला, आणखी शिकायला कॅनडात गेला आणि तिकडेच एका ऑफिसात चिकटला. त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर, समोर समुद्र, पाऊस आपल्यासारखाच पण चिवट, वर्षातून कितीतरी महिने रिमझिमणारा. बंदराजवळच्या एका जुन्या लाकडी गोदामात चार भागीदारांनी ऑफिस थाटलेलं. दादाची पत्रं यायची ती ह्या ऑफिसाच्या वर्णनाने भरलेली. मी ती मोठ्याने वाचायची, आई तांदूळ निवडायची आणि आप्पा ऐकत नसल्यासारखं दाखवून ऐकायचे.

त्या लोकांची काम करायची रीत मोठी गमतीची होती. जागा मिळाली की त्यांचा थोरला भागीदार घडीची खुर्ची घेऊन तिथे जाई आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत नुसता बसून राही. ऊन कुठून येतं, वारा कुठे अडतो, शेजारच्याचं कुत्रं कुठे निजतं, हे बघत. पेन्सिल खिशातसुद्धा न्यायची नाही. झाड तोडायचं नाही, घराने वळून जायचं. घर झाडांपेक्षा उंच होता कामा नये. तिथलंच लाकूड, तिथलाच दगड. एका थंड गावात त्यांनी शाळा बांधली, तर सगळ्यात आधी काढली ती मुलांनी ओले बूट काढून ठेवायची जागा, वर्ग मागाहून. हे आप्पांना फार आवडलं. "चपला काढायची जागा आधी," ते म्हणाले, "शहाणी माणसं दिसतायत."

दुसरीही ऑफिसं होती त्या देशात, आणि त्यांचे आपसात वाद चालत. दादा तेही लिही. एकाचं म्हणणं, काँक्रीट लपवायचं नाही, साच्याच्या फळ्यांचे वळ त्यावर उठलेले दिसू द्यायचे. दुसऱ्याचं म्हणणं, भिंती हव्यात कशाला, लोखंडाचा सांगाडा आणि सगळी काच. "मग न्हायचं कुठे?" आई विचारायची. दादाच्या ऑफिसाचं म्हणणं ह्या सगळ्यांहून साधं होतं: आधी जागेचं ऐकायचं, मग माणसाचं, आणि स्वतःच्या डोक्याचं सगळ्यात शेवटी.

माणसाचं ऐकायचं म्हणजे कसं, ह्याची एक गोष्ट दादाने लिहिली होती. एका म्हाताऱ्या मासेमाराला मुलं घर बांधून देत होती. ऑफिसातल्या कोणी त्याला विचारलं, जेवणाचं मेज कुठे ठेवायचं? म्हातारा म्हणाला, मला मेज नको. विचारणाऱ्याला वाटलं, भिडेखातर म्हणतोय, म्हणून त्याने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि नकाशात मेजाची जागा काढलीच. थोरला भागीदार त्याच्यावर असा उखडला की त्याची नोकरी जायची वेळ आली. माणूस नको म्हणतो तेव्हा त्याला नको असतं. पुन्हा विचारणं म्हणजे तुझं तुला कळत नाही असं त्याच्या तोंडावर सांगणं. मेज काढून टाकलं. म्हातारा खिडकीशी उभा राहून समुद्राकडे बघत जेवायचा. तसाच तो आयुष्यभर जेवत आला होता.

पत्र वाचून झालं तेव्हा आई म्हणाली, "काय बाई लोक! एकदाच विचारून मोकळे?"

आप्पा निवृत्त झाले आणि दोघं थळला येऊन राहिली. माझं सासर चौलचं, मी तिथल्या शाळेत शिकवत होते, रविवारी एस.टी.ने ये-जा व्हायची. दादाने पैसे धाडून किनाऱ्याजवळ एक लहानशी वाडी घेतली होती, नारळी आणि दोन जुने उंडीचे वृक्ष असलेली. मग एका दिवाळीनंतर तो स्वतः आला, लांब रजा काढून. आईआप्पांना घर बांधून द्यायचं, स्वतः उभं राहून, पावसाच्या आत.

पहिल्याच दिवशी जेवताना गंमत झाली. दादा हौसेने वाढायला उठला. "आप्पा, भात?" "नको." दादाने पातेलं उचललं आणि पुढे गेला. आप्पा पानाकडे बघत राहिले. आई पदराआड हसली आणि दुसरं पातेलं घेऊन आली. मीही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

दादाने घडीची खुर्ची आणली नव्हती, पण उंडीच्या बुंध्याशी एक चिरा टाकून तो तिथे दिवसभर बसला. गावातली पोरं त्याच्याभोवती गोळा झाली, म्हणाली, साहेबाला ऊन लागलंय. त्यानंतरच्या रविवारी त्याने आई-आप्पांना समोर बसवलं, मांडीवर कागद घेतला आणि म्हणाला, "आता तुम्ही माझे गिऱ्हाईक. काय काय हवं ते सांगा."

आईने त्याला दमवलं. चूल ओट्यावर हवी, पण गॅस नको. तुळस आणि फाटक दोन्ही दिसतील अशी खिडकी हवी. आमसुलं वाळत घालायला गच्ची नको, अंगणच हवं, गच्चीवर कोण चढणार. माळा हवा. देव पूर्वेला. दादा लिहीत होता. मग आप्पांची पाळी आली.

"आप्पा, तुम्हाला?"

"मला काय! तुम्हाला सोयीचं ते करा."

"सकाळी उठल्यावर आधी कुठे बसायला आवडतं?"

"बसतो कुठेही."

"झोपायला तुमची वेगळी खोली हवी का?"

आप्पांनी पानाला चुना लावायला घेतला. "मला कशाला खोली?" ते म्हणाले. "जन्म ओटीवर गेला. राहिलेला पण जाईल."

आणि ते थांबले. एका पानाला चुना लावायला लागतो त्याहून किती तरी जास्त वेळ ते बोट फिरवत राहिले. मान खाली, पण सगळं ध्यान दादाकडे. हे मला दिसत होतं, आईला दिसत होतं. दादाला दिसत नव्हतं, कारण तो आप्पांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेत होता. लिहून झालं तसं त्याने वर बघितलं आणि विचारलं, "आता पाण्याचं. विहिरीवर रहाट हवा की पंप?"

आप्पांनी पान तोंडात घातलं.

मी दादाला वाडीत गाठलं. म्हटलं, "दादा, परत विचार त्यांना. ते पहिल्यांदा असंच म्हणतात. त्यांना खोली हवीय." हरिहरेश्वरची सगळी हकिकत सांगितली. तो नीट ऐकून घेत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू होतं, त्याने माझं टाळकं तापलं.

"बाय," तो म्हणाला, "पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका दुपारी ते काय म्हणाले, ते तू मला सांगतेस. काल ते स्वतः काय म्हणाले, ते मी ऐकलंय. ह्या घरात आप्पांचं कोणी कधी ऐकून घेतलं का? ते नको म्हणायचे, आपण वाढायचो. मी त्यांचं ऐकणार आहे."

"अरे, पण आपल्याकडे नको म्हणजे नको नसतं."

"हेच तर आपलं चुकतं," दादा म्हणाला.

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तो आप्पांना मान देत होता, इतका की तसा मान आमच्यापैकी कोणी त्यांना दिला नव्हता. म्हणून मी आप्पांकडे गेले. ते विहिरीशी दात घासत होते. म्हटलं, "आप्पा, सरळ सांगा ना त्याला, मला खोली हवी म्हणून. त्याला तिकडची सवय झालीय, त्याला उमजत नाही."

ते चूळ भरून म्हणाले, "मागून घेतलेली खोली ती काय खोली? त्याला वाटलं तर देईल."

"त्याला वाटतंय तुम्हाला नको आहे."

"मग नकोच आहे," आप्पा म्हणाले आणि राखुंडी उचलून चालते झाले.

दोघांच्या मध्ये मी एवढ्या घिरट्या घालत होते, पण दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि हलायला तयार नव्हते. आईने दादाला दोनदा सुचवलं. त्याने तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, आई, हे घर आप्पांच्या शब्दावर उभं राहणार आहे.

पुठ्ठ्याचा नमुना केला त्याने, वासे नारळीच्या हिराच्या काड्यांचे. खरंच सांगते, इतकं देखणं घर मी पुन्हा पाहिलं नाही. उंडीच्या झाडांना बगल देऊन वळलेलं, कौलारू, वाडीतल्या नारळींच्या निम्म्या उंचीचं. आणि समोर ती ओटी. लांब, खोल, एका टोकाला भिंतीतच बसवलेला लाकडी पलंग, डोक्याशी दिव्याचा कोनाडा, पायाशी ट्रंक ठेवायची जागा, पश्चिमेला झापं अडकवायला खास लोखंडी आकडे. "आप्पा, ही तुमची," दादा म्हणाला. "अख्खं घर ह्या ओटीभोवती काढलंय."

आप्पांनी चष्मा लावला. खूप वेळ बघितलं. मग एका बोटाने आतल्या एका लहान चौकोनाला हात लावून विचारलं, "आणि ही?"

"ती पाहुण्यांची खोली."

"हं," आप्पा म्हणाले. "पाहुण्यांना हवीच." मग चष्मा काढून म्हणाले, "छान आहे. फार छान आहे." दादाने मुलासारखं माझ्याकडे बघितलं.

घर पावसाच्या आत उभं राहिलं. जांभ्याचे चिरे, चुन्याने भरलेले सांधे, सागाची दारं. गावातल्या लोकांना वाटलं होतं, परदेशातून आलेला माणूस सिमेंटचा बंगला बांधील. त्यांची निराशा झाली. दादा उन्हात रापला, गवंड्यांबरोबर भाकरी खाऊ लागला, रोज संध्याकाळी चुन्याने माखून घरी यायचा. मी त्याला इतका आनंदी कधी पाहिला नव्हता. वास्तुशांत झाली आणि तो गेला.

पावसाळा आला तशी झापं चढली. ओटी कितीही खोल असली तरी वाऱ्याला मुभा होतीच. आई म्हणाली, "आत पाहुण्यांच्या खोलीत निजा, कोण पाहुणा बसलाय आता?" आप्पा म्हणाले, "ती पाहुण्यांची." तिने त्यांची वळकटी आत नेऊन टाकली, तर ते स्वतः जाऊन ती परत घेऊन आले. आता हा हट्ट कोणावर होता? दादा हजारो मैलांवर. पण आप्पा त्याला आपल्या शब्दाला जागून दाखवत होते. मासळी घेऊन येणारी कोळीण आईला म्हणायची, "आप्पा भायेरच निजतात व्हय? एवढ्या मोठ्या घरात आत जागा न्हाय?" आई तिला गप्प करायची आणि मग स्वतः चुलीशी जाऊन डोळे पुसायची.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत त्या ऑफिसाचा थोरला भागीदार आला. उंच, लाजरा, भाताला नको न म्हणणारा माणूस. त्याने घराच्या भिंतीवरून हात फिरवला, झापांच्या आकड्यांचे फोटो काढले, पलंगावर बसलेल्या आप्पांचा फोटो काढला. दुपारी तो पाहुण्यांच्या खोलीत विश्रांतीला गेला. आतून कडी लागली. आवाज तसा काही मोठा नव्हता, पण आप्पांनी मान वर केली आणि थोडा वेळ त्या बंद दाराकडे बघत राहिले.

संध्याकाळी निरोप घेताना तो पाहुणा मला इंग्रजीत म्हणाला, "तुमच्या वडलांना सांगा, आमच्याकडे नवीन माणूस रुजू झाला की आम्ही त्याला ह्यांची गोष्ट सांगतो. स्वतःला खोली नको म्हणणाऱ्या माणसाची. ऐकावं कसं, ते आम्ही ह्या घरावरून शिकवतो." आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणतोय?"

"म्हणतायत, घर छान आहे. तुम्ही फार साधे आहात."

"हं," आप्पा म्हणाले. "त्याला म्हणावं, जेवून जा."

तो फोटो तिकडच्या एका मासिकात छापून आला. पानभर. आप्पा ओटीवर, मागे नारळी, पलीकडे समुद्राची रेघ. दादाने अंक पाठवला. आईने तो ट्रंकेत ठेवला. आप्पांनी एकदा बघितला आणि म्हणाले, "माझी टोपी वाकडी आहे."

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला. डॉक्टरने ओटी बघितली, झापं बघितली आणि आईला झापलं, म्हातारा माणूस असा उघड्यावर ठेवतात का. मग कोणाचंच काही न ऐकता मी, आई आणि शेजारच्या दोन मुलांनी त्यांना उचलून पाहुण्यांच्या खोलीत नेलं. मी शाळेतून रजा काढली होती. पावसामुळे दुपारीच अंधारल्यासारखं झालं होतं. आई पेज करायला गेली. आप्पांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "बाय, दार लावतेस?"

मी दार लोटून बाहेर जायला निघाले, तर म्हणाले, "तसं नको. आतून. मला उठवत नाही."

"मग मी आतच राहते."

"राहा."

मी कडी लावली. दादाने ती पितळेची आणली होती, अलिबागच्या बाजारातून, स्वतः निवडून. आप्पा तो आवाज ऐकून पडून राहिले. बाहेर कोणीतरी ओटीवर येऊन "मास्तर, बरं आहे का" म्हणून विचारून गेलं. आम्ही दोघंही बोललो नाही. मग बऱ्याच वेळाने, डोळे मिटलेलेच असताना, ते म्हणाले, "एकदाच विचारलंन."

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. दादाला तार केली, पण तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो आला तो सरळ ओटीवर गेला आणि आप्पांच्या पलंगावर बसला. हात त्या लाकडावर. झापं अजून उतरवलेली नव्हती, त्यांच्या फटीतून उजेडाच्या रेघा त्याच्या अंगावर पडल्या होत्या. आई आत होती. मी त्याच्यासाठी चहा घेऊन आले. त्याने कप घेतला, प्यायला नाही. त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"बाय," तो म्हणाला, "आयुष्यात दुसरं काही जमलं नसेल मला. पण आप्पांना जे हवं होतं, तसं घर तरी मी त्यांना दिलं. दिलं ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. आणि आमच्या घरात सगळ्यांनीच पहिल्यांदा जे बोलायचं असतं, ते मी बोलले. म्हटलं, "हो रे, दिलंस."

आणि थांबले. माझ्या हातात राहिलेल्या बशीचा एक टवका उडालेला होता, त्यावरून बोट फिरवत मी थांबले होते. त्याने आणखी एकदा विचारलं असतं, तर मी त्याला सगळं सांगितलं असतं.

दादाने मान हलवली आणि चहा प्यायला घेतला.